पहिल्या बटाट्याची रंगीत तालीम

मुलगी: बाबा, बाथरूमचं दार उघड. बाटल्या मोजल्यात मी.

बाबा: आंघोळ करतोय.

मुलगी: नळ बंद ठेवून? सकाळी बावीस होत्या, मी तीन प्यायले, कपाटात उरल्यात सतरा. दोन बाटल्यांना काय पाय फुटले?

बाबा: आईला विचार.

मुलगी: आईला त्या वासानेच मळमळतं. बाबा, माझं औषध आहे ते. आतड्याला आराम म्हणून सहा आठवडे जेवणाऐवजी फक्त तेच प्यायचं. पाच आठवडे मी पाणी सोडून कशाकडे ढुंकूनही बघितलं नाही, आणि चोर घरातच?

बाबा: एकच प्यायलो. तू रोज काय सोसतेस ते बघावं म्हटलं.

मुलगी: आणि दुसरी?

बाबा: पहिलीवर विश्वास बसेना. व्हॅनिला लिहिलंय गं त्यावर. मी अठरा वर्षं स्वयंपाक करतोय, ही व्हॅनिलाची बदनामी आहे.

मुलगी: कळलं ना आता? उघड दार.

(दार उघडतं. बाबांच्या हातात अर्धा कोरडा पाव.)

मुलगी: कमोडवर बसून पाव खात होतास?

बाबा: झाकण लावलं होतं.

मुलगी: धन्य आहे. आई कपाटाच्या दाराआड उभी राहून खाते, तिच्या स्वेटरच्या खिशात बिस्किटांचा चुरा सापडतो. आजी काल फोनवर “जेवलीस का” विचारायला गेली आणि मध्येच अडखळून म्हणाली, “जे... जेव्हा वेळ होईल तेव्हा फोन कर.” आजारी मी आहे आणि भूमिगत तुम्ही सगळे झालात.

बाबा: तुझ्यासमोर घास उतरत नाही.

मुलगी: बरं, ते नंतर. आधी सांग, बस डेपोतल्या तुझ्या कॅन्टीनमध्ये काय चाललंय?

बाबा: काय चालायचंय? दोनशे ड्रायव्हर जेवतात.

मुलगी: जेवत नाहीत, भोगतात. आमच्या स्कूलबसचे ड्रायव्हरकाका तिथेच येतात ना. सोमवारचं सूप म्हणे समुद्रातून काढलं होतं आणि मंगळवारचं नळातून. सगळ्या बसला ऐकवलं. मी खिडकीबाहेर बघत बसले, जणू तू माझा कोणी लागतच नाहीस.

बाबा: अंदाजाने घालतो. हात बसलेला आहे माझा.

मुलगी: आणि चव?

बाबा: हात बसलेला आहे म्हटलं ना.

मुलगी: बाबा. चव घेतली नाहीस असे किती दिवस झाले?

बाबा: तुझी पहिली बाटली उघडली, त्या दिवसापासून.

मुलगी: पाच आठवडे? मॅनेजर काही बोलला नाही?

बाबा: बोलला. उद्या पुन्हा तक्रार आली तर शेगडीवरून उठवणार. कांदे सोलायला बसवणार म्हणाला.

मुलगी: आणि तू ऐकून घेतलंस?

बाबा: काय बोलणार? पोट तुझं बिघडलं ते माझ्या हातचं खाऊन. दर शनिवारी कॅन्टीनमधून तळलेलं काहीतरी आणायचो, तू बोटं चाटायचीस. आता कुठल्या तोंडाने चव घेऊ?

मुलगी: डॉक्टरबाई बोलत होत्या तेव्हा तू काय भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतास? शरीराचे रोगाशी लढणारे निम्म्याहून जास्त पहारेकरी आतड्यात ठाण मांडून असतात म्हणाल्या. माझे बिथरलेत. आमच्या शाळेच्या वॉचमनसारखे. चोर जातो सुटून आणि हे मुख्याध्यापकांची कॉलर धरतात. त्या झटापटीत भिंतीलाच जखमा होतात.

बाबा: ऐकलं मी. खाण्याचाही त्यात हात असतो, असंही म्हणाल्या.

मुलगी: “ही” म्हणाल्या. खाण्याचा“ही”. जन्मापासूनची घडण, आतले जंतू आणि मग खाणं. कुठल्याही एका पदार्थाने हा आजार होत नाही, हे दोनदा सांगितलं, तेही तुझ्याकडे बघून. आणि खाण्याचा हात आहे म्हणूनच तर या बाटल्यांनी फरक पडला ना? सूज उतरली. तीन किलो वजन वाढलं. वर्गात मी टॉयलेटजवळच्या दाराचा बाक सोडला, खिडकीशी बसते आता. खिडकीशी, बाबा.

बाबा: हे सांगितलं नव्हतंस.

मुलगी: सांगायला कोणी बाथरूमबाहेर असेल तर ना. आणि फ्रिजमधल्या मोठ्या पातेल्यात काय दडवलंयस?

बाबा: बटाटे. उकडलेले.

मुलगी: अकरा आहेत.

बाबा: आहारतज्ज्ञबाईंच्या यादीत येत्या सोमवारी पहिला तोच आहे. सोललेला, मऊ, चिमूटभर मीठ घातलेला. सहा आठवड्यांनंतरचा तुझा पहिला घास. तो बिघडायला नको, म्हणून तालीम करतोय.

मुलगी: चव न घेता?

बाबा: बोटाने दाबून बघतो.

मुलगी: माझा पहिला घास तू दाबून पास करणार? चल स्वयंपाकघरात. बस खुर्चीत, माझ्या समोर. मी माझी बाटली पिते, तू बटाटा खा.

बाबा: तुझ्या देखत नाही गं जमणार.

मुलगी: वास आला की मला भूक लागते, बास, तेवढंच. वाईट वाटतं ते तुम्ही दारं लावून घेता तेव्हा. आपल्याच घरात मी पाहुणी आल्यासारखं.

(बाबा पातेलं टेबलावर ठेवून तिच्या समोर बसतात.)

मुलगी: पाणी पुसून घे डोळ्यांचं, बटाट्यात पडेल. आयतं मीठ नकोय मला.

बाबा: कांदे सोलायची सवय करतोय.

मुलगी: हं, घे. एवढुसा नाही, नीट घास. पाच आठवडे मी जगाची तोंडं बघतेय, माझ्यासमोर खाल्ल्याचं सोंग चालत नाही. चाव. आता सांग.

बाबा: छान मऊ झालाय.

मुलगी: ते बोटालाही कळलं होतं. पुढे?

बाबा: मीठ कमी आहे.