तिसऱ्या प्रकरणातली चूक

प्रकाशकाकडं कादंबरी द्यायच्या आधी ती घरच्यांना वाचून दाखवू नका, एवढंच सांगतो. मनातल्या मनात वाचलं की चुका निसटतात, म्हणून त्या सकाळी मी मोठ्यानं वाचत होतो. दुपारी शिरूर स्टँडवरून एसटी धरून पुण्याला बाड पोचवायचं होतं. एका जागी बसवेना. पानं हातात घेऊन ओसरीत माझ्या येरझाऱ्या चाललेल्या, आन् आत्या गवार मोडत ऐकत बसलेली. कादंबरीतली आत्या तिच्यावरनंच घेतलेली, फक्त नाव बदललेलं. तिसऱ्या प्रकरणात ती वारते. तिथं आमची आत्या शेंगा जरा जोरात मोडायला लागली.

नवव्या प्रकरणात लग्न येतं. वाचता वाचता मी थबकलो. वारलेली आत्या मांडवात पंगतीला आग्रहानं बुंदी वाढत होती!

"आत्या, घोळ झाला गं! एसटी चुकतीय आता. थांब, हे नववं प्रकरण नीट करतो."

"त्याला हात लावायचा न्हाई," आत्या म्हणाली. "लग्नात मी हाय ते बराबर हाय. चूक तिसऱ्यात झालीया. ती आधी नीट कर, मग जा कुठं जायचं ते."