मैदानाला कशाला सुतक?

अध्यक्ष साहेब, समितीची मंडळी, अण्णांच्या घरची माणसं, आणि मैदानावरून थेट इथं आलेल्या माझ्या मित्रांनो,

पिरनवाडीच्या या समाजमंदिरात मी पुष्कळ भाषणं केली. आज शब्द फुटत नाही. रडून घसा बसलाय म्हणून नव्हे. माझ्या आधी बोललेल्या चौघांना ऐकून बसलाय.

परशराम अण्णांना जाऊन आज दहा दिवस झाले. आयुष्यभर त्यांनी शाळेत पी.टी. शिकवली आणि निवृत्तीनंतर इथल्या माळावर बेसबॉलचे हिवाळी सामने उभे केले. चौघांनीही त्यांना 'होतकरू खेळाडूंचा आधार' म्हटलं. मागच्या बॅनरवरही तेच छापलंय. हा शब्द अण्णांना शिवीसारखा लागायचा, हे तुमच्यातल्या एकालाही ठाऊक नसावं?

निपाणीचा दशरथ तिसऱ्या रांगेत बसलाय. पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकणारा. चार वर्षं समितीच्या यादीत त्याच्या नावापुढं 'होतकरू' लिहिलंय, आणि चार वर्षं तो बाकावर आहे. अण्णा म्हणायचे, "होतकरू म्हंजे काय रं? ज्याला खेळवायचं न्हाय, त्याला बसायला दिलेला पाट."

रोज पहाटे अण्णा चहाच्या गाड्यावर मोबाईल घेऊन बसायचे. आपली पहाट म्हणजे कॅरिबियन बेटांवरची संध्याकाळ. अमेरिकेतले मोठे सामने थंडीत थांबले की तिकडं हिवाळी सामने सुरू होतात. विशीतली नवी पोरं, दुखण्यातून उठलेले, उतरणीला लागलेले, सगळे एका संघात.

अध्यक्ष साहेब, तुम्हीच एकदा गाडी थांबवून विचारलंत, "काय अण्णा, आज कुणाची विकेट गेली तिकडं?" बेसबॉल समितीचे अध्यक्ष, आणि विकेट. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "लई नावाजलेलं पोरगं हाय. चाळिशीच्या पिचरनं तीनदा हात हलवत परत धाडलं."

"मग कौतुक कसलं?"

"उद्या परत उतरवणार हायत त्याला. ह्येच कौतुक."

अण्णा भाबडे नव्हते. न चाललेल्याला तिथंही पंधरवड्यात परतीच्या विमानात बसवतात, हे तेच सांगायचे. बडे क्लब पिचरचा फेकीचा दंड जपायचा म्हणून काही पोरांना पाठवतच नाहीत, तेव्हा मात्र चिडायचे. मी वाद घातला, "अण्णा, दंड गेला तर जन्माचं नुकसान न्हाय व्हय?" म्हणाले, "मी बी दशरथाला चेंडू मोजून थांबवतोय की. पण थांबवायला आदी टाकू द्यावा लागतोय."

पुन्हा सांगतो, समितीनं नीट ऐकावं. थांबवायला आधी टाकू द्यावा लागतो.

येत्या रविवारी राज्याचे निवडकर्ते या माळावर सामना बघायला येणार आहेत. पत्रं धाडून, फोन करून, प्रसंगी भांडून अण्णांनी त्यांना राजी केलंय. दशरथची वयाची मुदत याच हिवाळ्यात संपते. त्याच्यासमोर बॅट घेऊन मी उभा राहायचं, चव्वेचाळीस वर्षांचा, गुडघे वाजणारा, हेही अण्णांनीच ठरवून ठेवलंय.

आणि आजच्या पत्रिकेवर श्रद्धांजलीच्या खाली दुसरा ठराव काय आहे? दुखवटा म्हणून यंदाचे सामने रद्द. पुढच्या वर्षी म्हणे अण्णांच्या नावाचा चषक. पुढच्या वर्षी दशरथ कुठं असेल? त्याला प्रेक्षकांत बसवून चषक दाखवणार? दुखवटा नक्की कशाचा आहे? अण्णा गेल्याचा, की निवडकर्त्यांसमोर तुमची यादी उघडी पडेल याचा?

अण्णा होते तोवर मैदानाचं कुलूप तुम्ही एकदाही वेळेवर उघडलं नाहीत. आता त्यांच्याच नावानं कुलूप घालताय.

अण्णांच्या पत्नी, आपल्या आक्का, पुढं बसल्यात. काल मी हा ठराव त्यांच्या कानावर घातला. त्या एवढंच म्हणाल्या, "सुतक माझ्या घराला हाय. मैदानाला कशाला सुतक?"

यापुढं मी काय बोलू?

आता दोन मिनिटं शांत उभं राहायचं. अट एकच. जो उभा राहील, त्याला रविवारचा सामना मान्य आहे असं मी धरणार आणि सभेच्या वृत्तांतात तसंच लिहायला लावणार. ज्याला मान्य नाही, त्यानं अण्णांच्या फोटोसमोर खुशाल बसून राहावं.

दशरथ, ऊठ.

आक्का, तुम्ही बसा. तुम्हाला सगळं माफ आहे.

अध्यक्ष साहेब, तुम्ही?