नऊ वर्षांचा राखाडी

त्या गृहस्थांच्या रबरी चपलेवर चार सेंटीमीटरची चीर होती, पट्टी ठेवून आखल्यासारखी सरळ. दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या बाईंची नजर तिथून हलेना.

"कशानं कापलं?"

"पाण्यानं."

"पाण्यानं?"

"प्रेशरच्या मशीननं घराची भिंत धूत होते," त्यांची बायको म्हणाली. "शिडीवर चढून, असल्या चपला घालून. मशीननं असा झटका दिला, की भिंत राहिली बाजूला, पायाचा अंगठाच धुऊन निघाला."

"दोन टाके पडतील फार तर," गृहस्थ म्हणाले. "तू भिंतीचं सांग."

"तुम्ही पाय धरून बसलात, मशीन तसंच चालू राहिलं. खिडकीतून पाणी आत जाऊन गादी भिजली. आणि राखाडी रंगाचे पोपडे उडून खालचा निळा उघडा पडलाय."

"निळा? तुझा?"

"माझाच. नऊ वर्षांपूर्वी मला न विचारता त्यावर राखाडी फासलात. तेव्हापासून म्हणतेय, परत निळा द्या. तुमचं आपलं एकच, बघू."

"कसा दिसतोय?"

"तुमच्या राखाडीपेक्षा ताजा."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"रंगाऱ्याला फोन लाव," गृहस्थ बायकोला म्हणाले.

"लावते. काय सांगू?"

"सांग, सगळं घर निळं."