फुग्याचं जाळं

लिहा, मी सांगतो तसंच लिहा — पौष महिना, संक्रांत होऊन दोन दिवस, साहेबांच्या मोजणीनं अठराशे एक्याण्णव साल. त्या दिवशी परळच्या या मैदानातून पहिला फुगा वर गेला. तुमच्या कागदात काय आहे? 'ओसाड माळ'? खोडा ते. परवा फुगा उडायच्या आधी लोकांसमोर वाचणार ना हे? मग खोडाच. माझ्या बापापासून आम्हा कोळ्यांची जाळी वाळायची इथं. साहेब आला, कुंपण घातलं, म्हणाला, इथून आकाशात जातो. जा म्हटलं. पण फुग्याला पाळणा टांगायचा जाळ्यानं, नि ते जाळं बोटीत उंदरांनी खाल्लेलं! मग आला हरेश्वर कोळ्याच्या दारात — हो, माझ्याच. हेरंबराव, तुम्ही फणसवाडीचे, साहेबाचे कारकून, लिहिणं तुमचं. जाळं माझं. त्यात कुणी मला शिकवू नये.

बारा दिवस विणलं, मी नि माझी तुळसा. साहेब बघायला यायचा तो नाकाला रुमाल लावून. दुभाष्याला म्हणाला, म्हाताऱ्याला कुंपणाबाहेर बसवा, मासळीचा वास मारतो. माझ्या बापाच्या जागेत मी बाहेर! — नाही, रागावलो नाही. कशाला रागवू? साहेबाला घेऊन फुगा गेला वर. गिरणीतले लोक छपरावर चढलेले, सगळं परळ माना वर करून. वडाळ्याकडं वळला, नि मिठागरावर पाळणा एका अंगाला कलंडला, साहेब खाली चिखलात. वारा होता. वाराच — काय बघता असं? कोळ्याची गाठ सुटत नाही. दोन वेढे दिले की दर्यानं ओढली तरी सुटत नाही. आता पाच गाठींना एकच वेढा दिला तर —

नका लिहू. नाही, लिहा! भितो का मी? पाच गाठी. याच हातांनी.

चिखलातनं पाठीवर घालून मीच आणलं त्याला. पाय मोडलेला, नि मुठीत त्या सुटलेल्या दोरीचं टोक. फौजदारानं विचारलं, जाळं कुणाचं? साहेबानं माझ्याकडं बघितलं. मूठ आवळली. म्हणाला, जाळं चांगलं होतं, वाऱ्यानं पाडलं.

दोन वर्षं झाली, अजून लंगडतो. नि नवं जाळं विणायला पुन्हा माझ्याकडंच धाडतो! सगळ्या कोळीवाड्यात दुसरा हात नव्हता? माफी मी मागितली नाही. मागणारही नाही. हे घ्या. एकेक गाठ दोन वेढ्यांची. समोरच्या चिंचेला टांगून मी स्वतः लोंबकळलोय त्याला, या वयात — तुळसा खालून ओरडत होती, "पडा एकदाचे, म्हणजे मी सुटले!" नाही पडलो.

मजुरी? ठेवा ती खिशात, परत न्या. साहेबाला एवढंच सांगा — हरेश्वरकडचं देणं फिटलं.