वेगळी चूल

अंघोळीच्या पाण्यापायी घर फुटलेलं पाहिलंय का गं कुणी? साठ सालच्या आसपासची गोष्ट. आमच्या बाबांनी हिवाळ्यात सगळ्यांना टेकडीवरच्या शेतातल्या झोपडीत आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजलेले गव्हाचे रोडगे खायला बोलावलं. माझे दोघे भाऊ धुसफुसत होते. एकत्र जेवले तर निवळतील, एवढीच बाबांची आशा. थंडी फार, म्हणून धाकट्या वहिनीने बाळासाठी बाहेर तीन दगडांवर पाणी तापत ठेवलं.

दादा धाकट्यावर कडाडला, "काहून रे, वेगळी चूल मांडली काय?"

"पाणी तापवून राह्यली ते, दादा."

"मले शिकवतं काय? मनातलंच बाहेर आलं तुमच्या!"

"तसं तर तसं. होऊ दे वेगळं!"

बाबा आरातले रोडगे उलटत राहिले. कोणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दोरी लावून शेत मधोमध वाटून दिलं.