पाचटातली ऊब

राजी : आबा, आता उघडू?

आबा : न्हाई.

राजी : पूर्ण नाही. एका कोपऱ्यातनं नुसतं बघते.

आबा : कोपऱ्यातनं बघितलं तरी ऊब सगळीच निघून जाती, राजे. तिला दार लागत न्हाई, फट पुरती. काल तू बघितलंस, अन् भात दाताखाली कचकच लागला.

राजी : काल मी एकदाच बघितलं.

आबा : एकदा? मी डोळं मिटून बसलो हुतो, झोपलो न्हवतो.

राजी : पण आत काय चाललंय ते कळणार कसं?

आबा : कान लाव. टोपलीला न्हवं, वरच्या वाकळंला.

राजी : काहीच ऐकू येत नाही.

आबा : मग बरोबर चाललंय. गॅसवरचा भात बडबड करतो, टोपलीतला झोपेत शिजतो. आपण त्याला एक चांगली उकळी दिली, झाकण घट्ट बसवलं. खाली उसाचं पाचट, भवतीनं पाचट, वरनं तुझ्या आजीची वाकळ. आता त्याचं काम त्यो करंल. आपलं काम काय?

राजी : न बघणं.

आबा : ह्ये लय अवघड काम हाय. मला बी शिकायला एक आख्खा हिवाळा लागला.

राजी : बर्फातला?

आबा : व्हय. मिलिटरीच्या लंगरात आचारी हुतो तवा. पहाटं पातेल्यांना उकळी आणायची, गवत भरलेल्या लाकडी पेट्यांत निजवायची, अन् पेट्या खेचरावर चढवून वरच्या चौकीवर धाडायच्या. पोचस्तवर दुपार व्हायची. तिथं पेटी उघडली की वाफ निघायची. जवान जेवायच्या आधी त्या वाफंत नुसतं तोंड धरून बसायचं.

राजी : म्हणजे खेचराच्या पाठीवर भात झोपून चाललाय. आबा, त्याला स्वप्न पडत असेल का?

आबा : पडत असंल. कसलं पडंल, सांग बरं?

राजी : पाण्याचं. आधी तो शेतात पाण्यात उभा होता ना. त्याला वाटत असेल, आपण परत तिथंच आहोत. पाणी कोमट झालंय, आणि वर आहे ती पेटी नाही, ढग आहे. खेचर चाललं की ढग हलतो.

आबा : ह्ये मला तिथं सुचलं असतं तर थंडी जरा कमी वाजली असती.

राजी : मम्मी पण एसटीत अशीच झोपते. खिडकीला डोकं लावून, स्कार्फ गुंडाळून. कोरेगावच्या स्टँडवर उतरली की तिचा एक गाल गरम असतो आणि एक गार.

आबा : तुला बरं ठाव.

राजी : मी दोन्ही गालांना हात लावून बघते.

आबा : हं. आता मला एक सांग. ही टोपली इतकी वर्सं माळ्यावर पडून हुती, तवा तू कधी इचारलं न्हाईस. यंदाच का मागं लागलीस?

राजी : असंच.

आबा : काळी घागर उन्हात ठिवून आंघुळीचं पाणी तापवतीस. साबणाचं तुकडं जुन्या मोज्यात भरून भांडी घासतीस. तांदळाचं धुवण कढीपत्त्याला घालतीस. चौथीतली पोर हे असंच करती व्हय?

राजी : सांगितलं तर हसाल.

आबा : न्हाई हसणार.

राजी : मागं मम्मी आली होती तेव्हा तुम्हाला म्हणाली, घरखर्च भागत नाही, म्हणून रविवारी पण ड्युटी घ्यावी लागते. तुम्हाला वाटलं मी झोपले. मी जागी होते. मग मी ठरवलं, घरखर्चच कमी करायचा. इतका कमी, की मम्मीला रविवार विकायला लागणार नाही.

आबा : रविवार विकायला.

राजी : विकतेच ना ती? पप्पा गेल्यापासून एकटीच कमावते. मला कमवता येत नाही. पण न घालवणं येतं. हसला का?

आबा : न्हाई. त्या बाजूचं पाचट उचकटलंय, जरा नीट दाब.

राजी : दिवाळीतली गॅसची टाकी अजून चालू आहे, आबा. शेजारच्यांची दोनदा आली. तरी मम्मी येत नाही. मागच्या रविवारी नाही, त्याच्या आधी नाही. आता तर फोन पण करत नाही.

आबा : मला वाटलं, दमत असंल बिचारी. शिरवळच्या कंपनीतनं हितं यायचं म्हंजी सातारला गाडी बदलायची, दिवस त्यातच जातो. पण फोन तर तुला रोज यायचा की. संध्याकाळी, तिच्या चहाच्या सुट्टीत. मी देवळाकडं गेलेलो असतो तवा.

राजी : हो.

आबा : मग यायचा कवापास्नं थांबला?

राजी : काय माहीत. तेव्हा फोन बंदच असतो ना.

आबा : तिचा?

राजी : आपला. तुम्ही देवळाकडं गेला की मी बंद करते, आणि तुमच्या चपला वाजल्या की चालू करते. सकाळी शाळेला जायच्या आधी पण थोडा वेळ. चार्जिंगला लाईट लागते, आबा. आधी रोज लावावा लागायचा, आता कितीतरी पुरतो. ... काय झालं? असं का बघताय?

आबा : काय न्हाई. हिकडं ये, माझ्याजवळ बस.

राजी : मी चुकले का?

आबा : थांब. तुला लंगरातलं एक सांगायचं राहिलंय. वर बर्फ पडून वाट बंद झाली की खालनं सामान यायचं न्हाई. मग आमी चुली कमी करायचो. चहात साखर कमी. पातेली बर्फानंच घासायची. पण लंगराच्या दाराबाहेर एक कंदील हुता, त्यो मात्र रातभर जळायचा.

राजी : रातभर? उगीच?

आबा : कुणी वाट चुकून हिंडत असंल, तर त्याला दिसावा म्हणून.

राजी : यायचं का कुणी?

आबा : बहुतेक येळा न्हाई.

राजी : मग रॉकेल वायाच की.

आबा : जायचं. पण त्ये आमी खर्चात धरत न्हवतो.

राजी : ... आबा.

आबा : बोल.

राजी : मम्मी रोज लावत असेल का फोन?

आबा : तुला काय वाटतं?

राजी : लावत असेल. मग फोनमधली ती बाई तिला सांगत असेल, फोन बंद आहे म्हणून. रोज तेच. मम्मीला वाटलं असेल, मी रुसले.

आबा : आज शनवार. चहाची सुट्टी एवढ्यात हुईल. मी आज देवळाकडं जात न्हाई. लाव.

राजी : तुम्ही बोला आधी.

आबा : मी कशाला? कंदील तू इझवलास. लाव तू.

(फोन लागतो. पलीकडून यंत्रांची घरघर, मागे बायकांचं बोलणं.)

संयोगिता : हॅलो. आबा? काय झालं? बरं आहे ना सगळं?

राजी : मम्मी, मी आहे.

संयोगिता : ... राजी. बोल. काय पाहिजे होतं?

राजी : काही नाही.

संयोगिता : वही संपली? शाळेत काही भरायचंय?

राजी : नाही. तू उद्या येणार?

संयोगिता : उद्या ड्युटी आहे. मघाशीच नाव दिलं. चहा झाला की सुपरवायझर नावं वर ऑफिसात पाठवतो.

राजी : का दिलंस?

संयोगिता : मग काय करू, राजी? रोज चहा न घेता आधी फोन लावते, रोज बंद. शिफ्ट सुटते तेव्हा तुम्ही झोपलेले असता. सकाळी लावायचा मला धीर होत नव्हता. वाटायचं, रागावली आहे, उचलून गप्प बसली तर? मग म्हटलं, बरं आहे, पोरीला माझ्याशिवाय करमायला लागलं. घरी जाऊन तिची सवय मोडायला नको.

राजी : मी लाईट वाचवत होते.

संयोगिता : काय?

राजी : फोन बंद ठेवून. चार्जिंगची. म्हणजे घरखर्च कमी होईल, आणि तू रविवारी घरी येशील. दिवाळीतली टाकी अजून चालू आहे, मम्मी. भात आम्ही पाचटात झोपवतो.

संयोगिता : कुणी सांगितलं तुला हे?

राजी : कुणी नाही. भाताचं आबांनी शिकवलं. फोनचं माझंच.

संयोगिता : आबा आहेत का तिथं?

आबा : हाय की. ऐकतोय.

संयोगिता : आवं आबा, तुमाला तरी कळू ने व्हय? रोज संध्याकाळी फोन बंद ऱ्हातोय एवढं?

आबा : मी यायच्या आत चालू असायचा, पोरी. तुझी लेक लय व्यवस्थेशीर हाय. तुझ्यावर गेलीया.

संयोगिता : माझ्यावर न्हाई, तुमच्यावर. साबणाचा चुरा कोण साठवतं घरात?

राजी : मम्मी, तू हसतेस का रडतेस?

संयोगिता : दोन्हीला येळ न्हाई बाळा, चहा संपत आलाय.

राजी : दिलेलं नाव काढता येतं?

संयोगिता : वर जायच्या आत येतं.

राजी : आणि उद्याचे पैसे?

संयोगिता : ते तू वाचवलेस की.

राजी : तेवढे वाचले असतील?

संयोगिता : नसतील. असू दे.

राजी : सुपरवायझर ओरडेल?

संयोगिता : ओरडेल थोडा. त्याच्या घरी पण लेक आहे, सांगून बघते.

राजी : मग मी फोन ठेवू?

संयोगिता : नको. ठेवू नको. काही बोलू पण नको, नुसता कानाला धर. मी तशीच जाते त्याच्याकडं.

आबा : काय म्हणती?

राजी : शू.

आबा : ठेवला व्हय तिनं?

राजी : नाही. पावलं ऐकू येतायत. ती चाललीय.