सूचक शेखचाचा

सभेचं इतिवृत्त दुरुस्त होत नाही, असं कोण म्हणतं? आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीत झालं की.

चोऱ्या होतात म्हणून मागच्या फाटकाच्या जागी भिंत घालायचं ठरलं. विरोधात बोलले एकटे शेखचाचा. त्यांच्या बायकोला चाकाची खुर्ची लागते. पुढच्या फाटकाला पायऱ्या आहेत, मागून मात्र थेट रिक्षापर्यंत जाता येतं. चाचा बराच वेळ बोलले. इतिवृत्त हातात आलं, तर ठरावाचे सूचक शेखचाचाच!

"अहो, मी तर नको म्हणत होतो!"

सचिव म्हणाले, "चाचा, जो लई बोलतो त्याचं नाव सूचक म्हणून टाकायची आपली पद्धतच हाय की."

"मग दुरुस्त करा ना."

"करू की. इतिवृत्त पुढच्या सभेत वाचतात, दुरुस्ती तिथंच."

पुढच्या सभेपर्यंत भिंत बांधून तिला रंगही लागला. सभेत चाचांची हरकत एकमताने मान्य झाली आणि त्यांचं नाव खोडलं.

"आणि भिंत?" चाचांनी विचारलं.

अध्यक्ष म्हणाले, "विषयपत्रिकेवर इतिवृत्ताची दुरुस्ती होती, चाचा. भिंतीची नव्हती."

चाची आता दिवसभर खिडकीत बसलेल्या असतात. इतिवृत्त मात्र अगदी बिनचूक आहे.